दोलोन खिंडीत, मागून

एकोणीस हिवाळे मी सागीनच्या मागे गाडी हाकली.
नारीनहून बिश्केकला, पहाटे चारला,
त्याच्या ऑडीत चार प्रवासी, माझ्या ऑडीत चार,
आणि मध्ये त्याचे दोन लाल दिवे.

मला तो पाठमोराच जास्त ठाऊक.
डावा दिवा मंद, होल्डरला गंज.
उजव्याच्या काचेला तडा, त्यावर
बायकोच्या नेलपॉलिशचा लेप.
ब्रेक दाबला की आतली तार आधी विचार करायची,
मग तांबडी व्हायची;
सोडला तरी रेंगाळायची,
निरोप घेऊन दारातच तासभर बोलणाऱ्या पाहुण्यासारखी.
तेवढ्यात मला कळायचं
पुढे बर्फ आहे, मेंढ्या आहेत,
की नुसतीच त्याला डुलकी लागली होती.

मग त्याचा भाचा एर्मेक आला, शहरात शिकून.
"मामा, एका इंडिकेटरला एकवीस वॉट?
बॅटरी रडतेय तुझी. दोन वॉटांत भागतं."
कुदायबेर्गेन बाजारातून त्याने एलईडी आणले,
पहिल्यांदा पांढरे.
लाल काचेमागे ते गुलाबी दिसले,
दात पडलेल्या हिरडीसारखे.
गॅरेजवाला ओमुरबेक हसता हसता टायरवर बसला.
पुन्हा खिंड, पुन्हा बाजार.
लाल काचेमागे लालच घ्यायचा, पिवळीमागे पिवळाच,
तुम्हालाही सांगून ठेवतो.

बसवले. डावीकडची साइड दाखवली,
तर दिवा टकटकटकटक सुटला,
लांडगा पाहिलेल्या घोड्याच्या छातीसारखा.
"रिलेला वाटतंय बल्ब गेला," ओमुरबेक म्हणाला,
"इतकी थोडी भूक त्याला खरी वाटत नाही."
मग त्याने तारांना रेझिस्टर जोडले,
सोनेरी, काडेपेटीएवढे.
त्यांचं काम एकच,
जुन्या बल्बाइतकं खायचं, आणि उजेड पाडायचा नाही.
सागीन बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला,
"सोव्हखोजच्या कचेरीत असा एक माणूस होता आमच्याकडे."

त्या रात्री निघालो.
दिवे कसे! चाकूने कापून चिकटवल्यासारखे.
ब्रेक आहे. ब्रेक नाही.
मधलं काहीच नाही.
मी दोनदा उगाच दचकलो,
माझ्या मागच्या सीटवरचं पोर दोनदा रडलं.

चढावर वारा फिरला.
चाकांनी उडवलेला भुगा त्याच्या दिव्यांवर बसू लागला
आणि बसलाच.
आधी डावा गेला. मग उजवा.
जुना बल्ब आतून काच शेकत होता,
एकोणीस वर्षं, दर रात्री,
आम्हा दोघांनाही कधी जाणवलं नव्हतं.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी कोणाच्याच मागे नव्हतो.
पुढे पांढरं, खाली पांढरं,
दरी कुठल्या हाताला तेही आठवून पाहावं लागलं.
हॉर्न दाबला, दाबतच राहिलो.

तो थांबला. हॅझर्ड लावून मागे चालत आला.
बर्फाखाली काहीतरी लुकलुकत होतं,
पापणीआड डोळा हलावा तसं.
त्याने हातमोजा काढला, काचेवर तळवा ठेवला.
"प्रेतासारखी गार आहे रे," म्हणाला.
मी दुसऱ्या दिव्यावर माझा ठेवला.
असे उभे राहिलो दोघं, गाडीला मागून ढकलतोय असं वाटावं,
आणि आमच्या बोटांमधून उजेड
येत होता, जात होता, येत होता.

सारी-बुलाकला चहासाठी उतरलो.
त्याच्या डिकीत बुरुल आजींचं गाठोडं,
बिश्केकच्या नातवासाठी सहा नान.
हॅझर्ड चालू राहिला होता खिंडभर;
रेझिस्टर त्यांना टेकून तापत बसले होते.
गाठोड्याला तपकिरी डाग पडला, काडेपेटीएवढा.
आजींनी सागीनला मनसोक्त शिव्या दिल्या,
मग डागाखालचा नान मोडून सगळ्यांना वाटला.
माझ्या वाट्याचा तुकडा
एका बाजूने दगड होता,
एका बाजूने कोमट.